पाणी गेलं कुठे?

शिरूर सोडलं, न्हावरे मागे पडलं, आता चौफुल्याला वळून पाटस आणि दौंड गाठायचं. मार्चची दुपार आहे. गळीत हंगाम अजून संपलेला नाही, त्यामुळे पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. ऊस दोन्ही अंगांनी इतका बाहेर आलाय की ओव्हरटेकचं नाव नको. गाडी जुनी, समजा वीस वर्षांची मारुती ८००. दुसऱ्या गिअरमध्ये दहा मिनिटं रांगल्यावर तापमानाचा काटा मध्यावरून हलतो आणि लाल पट्टीकडे सरकू लागतो. वाफ दिसायच्या आधी वास येतो, तापलेल्या रबराचा आणि गोडसर कूलंटचा.

इथे बहुतेक जण जे करतात तेच करायचं नसतं. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, फडकं हातात धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं, असं केलेल्या माणसाच्या हातावर आणि चेहऱ्यावर त्याची खूण आयुष्यभर राहते. त्याचं कारण दौंड तालुक्यातल्या माणसाला समजावून सांगणं सोपं आहे, कारण केडगाव-यवतच्या बाजूला गुऱ्हाळं आहेत. गुळव्या काहील उतरवतो तेव्हा पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसला आलेला असतो. साधं पाणी उघड्या भांड्यात इतकं तापूच शकत नाही. आपला हा पट्टा समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने इथे ते ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. गुळव्याच्या काहिलीत साखर असते म्हणून तिचा उत्कलनबिंदू वर जातो. मोटारीत तेच काम झाकण करतं. मारुतीच्या पिढीतल्या बऱ्याच गाड्यांच्या झाकणावर ०.९ असा आकडा असतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोने वाढेपर्यंत झाकणाची स्प्रिंग पाणी अडवून धरते आणि त्या दाबाखाली पाणी ११७-११८ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे रेडिएटरमध्ये गुळाच्या काहिलीइतकं तापलेलं पाणी शांत बसून असतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम वाफ व्हायला बघतं.

तेव्हा आधी एसी बंद. गाडीला हीटर असेल तर तो पूर्ण उघडा आणि त्याचा पंखा जोरात लावा. मार्चमध्ये हा सल्ला ऐकून घरचे तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे आणि तो इंजिनाची थोडी उष्णता काढून घेतो. मग सावली बघून थांबा. वाफ नसेल, पाणी गळत नसेल आणि पुढचा पंखा फिरत असेल, तर इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवलेलं बरं, कारण पाणी फिरत राहतं. काटा खाली येत नसेल किंवा वाफ निघत असेल तर लगेच बंद करा. काट्याबरोबर बॅटरीचा लाल दिवाही लागला असेल तर विचार करायचं कारणच नाही, बेल्ट तुटलाय. या गाडीत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. अशा वेळी आणखी एक किलोमीटर म्हणजे नवं हेड.

अर्धा-पाऊण तास द्या. वरचा होज पाइप हाताने दाबता येईल इतका निवला की मग झाकण.

थांबलोच आहोत तर हे बघू, की इंजिनाला एवढं पाणी लागतंच कशाला. जुनी छोटी पेट्रोल गाडी तासाला साधारण चार लिटर पेट्रोल जाळते. त्यातल्या शक्तीचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला इंजिनाच्या भिंतींवाटे पाण्यात उतरतो. हिशेब केला तर पाण्यात सुमारे १२ किलोवॉट उतरतात, म्हणजे न्हाणीघरातले दोन किलोवॉटचे सहा गीझर एका वेळी चालू. ही सगळी उष्णता मोजक्याच लिटर पाण्याने उचलायची, समोरच्या जाळीत आणून वाऱ्यावर सोडायची आणि परत इंजिनात जायचं. पाणी मिनिटभर जरी थांबलं तरी सहा गीझरांची उष्णता जागच्या जागी साचते.

सुरुवातीच्या मोटारींनी हा प्रश्न पाणी उकळू देऊनच सोडवला होता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. तो मोटारीचा पहिला लांबचा प्रवास मानतात. वाटेत मिळेल तिथून पाणी घेऊन गाडीत ओतत राहावं लागलं, कारण त्या इंजिनाचं पाणी वाफ होऊन उडूनच जायचं. आपल्याकडे खेड्यातल्या पिठाच्या गिरणीत याच्या पुढची पायरी ज्यांनी पाहिली आहे ते आता पन्नाशी-साठीत असतील. डिझेल इंजिनाशेजारी पाण्याची टाकी, दोन पाइप, पंप नाही. गरम पाणी हलकं होऊन वर चढायचं, गार पाणी खालून इंजिनात शिरायचं. फोर्डची मॉडेल टी गाडीही बहुतेक काळ याच तत्त्वावर चालली. मग विल्हेल्म मायबाखने १९०० च्या सुमारास मर्सिडीजसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. आज रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतून फियाटच्या कारखान्यातली इंजिनं ज्या रस्त्याने बाहेर पडतात, त्याच रस्त्यावर कुणाची जुनी पद्मिनी, जिला आपण मरेपर्यंत फियाटच म्हणणार, वाफा सोडत उभी असते. तिच्याही नाकासमोर त्या पोळ्याचाच वंशज असतो.

आता झाकण उघडलं आहे आणि पाणी कमी आहे. गेलं कुठे? आपल्याकडच्या गॅरेजमध्ये यासाठी तीन क्रियापदं आहेत आणि माझ्या मते अर्धं निदान त्यांतच आहे. गाडी पाणी सांडते, गाडी पाणी फेकते, गाडी पाणी खाते.

सांडणं सगळ्यात सोपं. होज पाइपची टोकं, क्लिपा, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा सांधा, इंजिनाच्या अंगावरच्या पत्र्याच्या गोल डमी आणि पाण्याचा पंप. पंपाच्या बुडाला मुद्दाम एक छोटं भोक ठेवलेलं असतं. तिथून थेंब यायला लागले की आतलं सील गेलंय. काही जण हे भोक एम-सीलने बुजवतात. मग तेच पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि महिन्याभरात पंप आवाज करू लागतो. गळती रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरून सकाळी बघितली तर डाग बरोबर जागा दाखवतो. हीटर असलेल्या गाडीत पायाखालची मॅट उचलून बघायला विसरू नका.

फेकणं म्हणजे पाणी बाजूच्या डब्यातून बाहेर उसळणं. यात पहिला संशयित झाकण. त्याचं रबर कडक होतं, स्प्रिंग ढिली पडते, दाब धरत नाही आणि पाणी ९८-१०० अंशांनाच उकळून बाहेर येतं. झाकण काही शे रुपयांत मिळतं, तरी लोक हजारो रुपयांचा रेडिएटर आधी बदलतात. झाकणाचं दुसरंही एक काम आहे. इंजिन निवताना डब्यातलं पाणी परत आत ओढून घेणं. ती मधली छोटी झडप चिकटली की डबा भरलेला आणि रेडिएटर अर्धा, अशी फसवी अवस्था होते. डबा बघून समाधान मानणाऱ्याची गाडी वाटेत थांबते ती अशी. म्हणून सकाळी, थंड इंजिनावर, झाकण उघडूनच बघायचं.

खाणं ऐकलं की मेकॅनिकचा चेहरा बदलतो. बाहेर थेंब नाही, डब्यातून उसळत नाही, तरी पाणी रोज कमी. ते सिलिंडरमध्ये जातंय. हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट उडालंय किंवा हेडला तडा आहे. खुणा ठरलेल्या आहेत. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, जो इंजिन तापल्यावरही थांबत नाही. सकाळी चालू करताना पहिले काही सेकंद एक सिलिंडर बंद असल्यासारखं थरथरणं. ऑइलच्या पट्टीवर किंवा झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस. आणि थंड इंजिन चालू केल्याबरोबर, पाणी तापायच्या आतच, वरचा होज दगडासारखा कडक होणं. पाणी तापलेलं नाही तरी दाब आलाय, म्हणजे तो सिलिंडरमधल्या जळत्या वायूचा आहे. झाकण काढून थंड इंजिन चालू केलं आणि बुडबुडे येतच राहिले तर शंका उरत नाही. मग हेड उतरवायचं आणि फेसिंगला द्यायचं. बऱ्याच हेडना ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही, डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. ॲल्युमिनियमचं हेड एकदा नीट तापलं की तेवढं सहज वाकतं. नुसतं गॅस्केट बदलून हेड तसंच बसवणारा मेकॅनिक स्वस्त वाटतो, पण दोन महिन्यांनी त्याच्याकडेच परत जावं लागतं.

खरी अवघड केस चौथी. पाणी आहे तितकं आहे आणि तरी गाडी तापते. इथे 'का तापते' हे विचारण्याआधी 'कधी तापते' हे विचारायचं.

ट्रॉलीमागे रांगताना किंवा शिरूरच्या बाजारात तापते आणि हायवेला लागलं की निवते, तर दोष पंख्यात आहे. वेगात वारा आपोआप जाळीतून जातो, रांगताना तो पंख्यालाच ओढावा लागतो. मारुतीचा पंखा विजेवर चालतो आणि पाणी साधारण ९५ अंशांजवळ गेलं की सेन्सर त्याला चालू करतो. सेन्सरची पिन काढून दोन्ही वायरी तारेच्या तुकड्याने जोडल्या, इग्निशन चालू ठेवलं आणि पंखा फिरला, तर सेन्सर गेलाय. नाही फिरला तर फ्यूज, रिले, अर्थिंग आणि शेवटी पंख्याची मोटर. गॅरेजवाले अनेकदा या भानगडीत न पडता 'पंखा डायरेक्ट' करून देतात, म्हणजे चावी लावली की पंखा चालूच. एका प्रवासापुरतं ठीक. कायमचं केलं तर मोटर लवकर झिजते आणि सेन्सर खराब आहे हे कुणाच्या लक्षातही राहत नाही. पद्मिनीत आणि ॲम्बेसेडरमध्ये पंखा बेल्टवर असतो. तिथे आधी बेल्टचा ताण बघा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला की साधारण एक सेंटिमीटर दबावा, त्याहून फार नाही. अशा गाडीत ट्रॅफिकला अडकलात तर न्यूट्रलमध्ये थोडा ॲक्सिलरेटर देऊन ठेवायचा, पंखा आणि पंप दोन्ही वेग घेतात.

उलट, गावात ठीक चालते आणि सोलापूर रोडला ऐंशीचा वेग धरला किंवा यवतहून भुलेश्वरचा घाट चढायला लागलो की तापते, असं असेल तर पंख्याला दोष देऊ नका. जोर वाढला, उष्णता वाढली आणि रेडिएटरला ती पेलत नाही. जाळी बाहेरून बुजली आहे किंवा आतून.

बाहेरून बुजण्याचं कारण आपल्या रस्त्यांवरच पडलेलं असतं. उसाचं पाचट, फुफाटा, किडे. एसीच्या गाडीत पुढे आणखी एक जाळी असते आणि कचरा नेमका दोघींच्या मध्ये अडकतो. समोरून पाहिलं तर सगळं स्वच्छ दिसतं. पाणी मारायचं ते इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने आणि साध्या नळीने. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने जवळून मारलं की पापुद्र्यासारख्या पात्या आडव्या होतात आणि वाऱ्याची वाट आपणच बंद करतो.

आतून बुजण्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण शिरूर-दौंडच्या जुन्या गाड्यांचं खरं दुखणं मला तिथे दिसतं. इथल्या बोअरचं पाणी जड आहे हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. गीझरची कॉइल बघा, अंघोळीच्या बंबाचा तळ बघा, बाथरूमच्या नळावरचा पांढरा थर नखाने खरवडून बघा. तेच पाणी आपण वर्षानुवर्षं 'गाडीत पाणी टाक' म्हणून रेडिएटरमध्ये ओततो. गाडी जितकी जास्त सांडते तितकं जास्त नवं पाणी आणि प्रत्येक लिटरबरोबर नवे क्षार. हे क्षार तापलेल्या भिंतीवर आधी बसतात, म्हणजे नेमके जिथून उष्णता बाहेर यायला हवी तिथे. क्षाराचा एक मिलिमीटर थर उष्णतेला जवळजवळ दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या बिडाइतका अडवतो. आत धातू जळत असतो आणि पाण्याला पत्ता नसतो. काटा तर पाण्याचं तापमान दाखवतो, धातूचं नाही. रेडिएटरच्या नळ्या मुळातच अरुंद, त्यातल्या काही पूर्ण बंद होतात. जाळीवरून हात फिरवून बघा, अर्थात इंजिन बंद करून आणि थोडं निवल्यावर. काही पट्टे गार लागले तर त्यांच्यातून पाणी जातच नाही. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला टाक्या उकलून नळ्यांत सळई घालून साफ करून देतो. ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकचा असेल तर बदलणंच बरं.

'कूलंट कशाला, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?' हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की त्याचं उत्तर लिहूनच टाकतो. बर्फासाठी नाहीच. नुसतं पाणी उष्णता उचलण्यात कूलंटपेक्षा सरसच आहे. पण कूलंटमधली रसायनं ॲल्युमिनियमचा गंज थांबवतात, पंपाचं सील राखतात आणि अर्धं-अर्धं मिसळलं तर उत्कलनबिंदू आणखी सात-आठ अंशांनी वर नेतात. मिसळायला बोअरचं पाणी नको, बॅटरीत घालतो ते पाणी घ्या. आणि रंगावर जाऊ नका. हिरवं दिसतंय म्हणजे कूलंट आहे असं नाही, दहा वेळा पाणी घातलेल्या कूलंटचाही रंग हिरवाच राहतो. वाटेत अडचण आली तर बाटलीबंद पिण्याचं पाणी घाला. कालव्याचं गढूळ पाणी घालायची वेळ आलीच तर घाला, इंजिन जळण्यापेक्षा ते बरं, पण घरी पोहोचल्यावर सगळं काढून धुऊन टाका.

घालताना इंजिन निवलेलं असावं आणि पाणी सावकाश जावं. तापलेल्या धातूवर गार पाण्याचा लोट गेला की तडा जातो. त्यात हवा अडकली तर पाणी भरूनही गाडी पुन्हा तापते. गॅरेजच्या भाषेत 'हवा धरली'. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचं, वरचा होज अधूनमधून दाबायचा, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी घालत राहायचं.

राहिला थर्मोस्टॅट, ज्याला गॅरेजमध्ये 'वॉल' म्हणतात. इंजिन थंड असताना तो पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो आणि साधारण ८२ अंशांना आतलं मेण वितळून ती उघडतो. तो बंद अवस्थेत चिकटला की वरचा होज चटका देतो आणि खालचा गार राहतो. तपासणी स्वयंपाकघरात होते. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट आणि जवळ तापमापी. पाण्याला खळखळून उकळी फुटायच्या बरंच आधी तो उघडायला हवा. उघडत नसेल तर नवा आणा. आपल्याकडे मात्र सर्रास 'वॉल काढून टाका, गाडी कधी तापणार नाही' असं सांगतात. मी याच्या ठाम विरोधात आहे. वॉल काढलेली गाडी सकाळी कितीतरी वेळ थंडच चालते, पेट्रोल जास्त पिते, ऑइलमध्ये गाळ साचतो आणि झीज वाढते. शिवाय क्षाराने बुजलेला रेडिएटर तसाच राहतो, फक्त त्याची तक्रार ऐकू येईनाशी होते.

काट्याबद्दल एक गोष्ट जिवाशी येणारी. काटा लाल पट्टीत होता आणि अचानक झपकन खाली आला, तर सुटलो असं समजू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी इतकं कमी झालं की तो उघडा पडतो आणि वाफेत किंवा हवेत त्याला धड वाचता येत नाही. काटा 'थंड' दाखवतो आणि त्याच वेळी हेड वाकत असतं. तिथल्या तिथे इंजिन बंद करा.

गॅरेजमध्ये जाल तेव्हा 'गाडी गरम होते' एवढंच सांगू नका. रांगताना की वेगात, चालू केल्यापासून किती वेळाने, पाणी किती कमी होतं आणि ते सांडतं, फेकतं की खातं, हे कागदावर लिहून न्या. काढलेला जुना भाग परत मागा. आणि पुढच्या वेळी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागण्याआधी, सकाळी, इंजिन थंड असताना, एकदा रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा.